गावोगावचं तिखट

मुंबईपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही हॉटेलात बसा, मेन्यूकार्डावर 'व्हेज कोल्हापुरी' सापडतेच. लालभडक रस्सा, त्यात फ्लॉवर, गाजर, मटार, वर तळलेल्या दोन सुक्या मिरच्या आणि जीभ भाजेल इतकं तिखट. कोल्हापूरच्या घरांत या नावाची भाजी शिजत नाही. तिथे मटणाच्या अळणी पाण्यातून दोन रस्से निघतात. एक तांबडा, घरच्या कांदा-लसूण चटणीचा. दुसरा पांढरा, नारळाच्या दुधाचा आणि खसखस, तीळ, काजू यांच्या वाटणाचा. दोन्ही वाट्या एकाच ताटात येतात आणि जेवणारा कधी या वाटीला तोंड लावतो, कधी त्या. तांबड्याने तापलेली जीभ पांढऱ्याने निवते आणि पुन्हा तांबड्याकडे वळते. या जोडीतला पांढरा वगळून नुसता जाळ उचलला आणि त्याला कोल्हापूरचं नाव दिलं, हे मला मनापासून खटकतं. एका शहराची शेकडो घरांत घोटलेली चव त्यामुळे 'जास्त तिखट' या दोन शब्दांवर येऊन थांबली.

तिखट म्हणजे एकच गोष्ट, ती कुठे कमी आणि कुठे जास्त, असं आपण सहज समजून चालतो. 'विदर्भातलं जेवण तिखट, पुण्याचं मिळमिळीत, कोकणातलं मधलं,' अशी वाटणी गप्पांत नेहमी होते. पण उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करणाऱ्या बाईला विचारा. ती कधीही 'तिखट मिरची द्या' असं म्हणत नाही. ती ब्याडगी मागते रंगासाठी, संकेश्वरी मागते चवीसाठी आणि लवंगी किंवा गुंटूर मागते ठसक्यासाठी. तिघींचं प्रमाण तिच्या सासूने किंवा आईने ठरवून दिलेलं असतं आणि त्यात पावशेराचा फरक झाला तर घरातली माणसं पहिल्याच जेवणाला 'यंदाची चटणी वेगळी लागते' असं सांगतात. रंग, वास, ठसका आणि झोंबणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच मिरचीत या चारही भरपूर सापडत नाहीत. म्हणून मिरच्यांची सांगड घालावी लागते आणि प्रत्येक मुलखाने ती आपापल्या परीने घातली आहे.

ब्याडगीपासूनच सुरुवात करू. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात ब्याडगी नावाचं गाव आहे आणि तिथली मिरचीची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. ही मिरची वाळली की अंगभर सुरकुतते, रंग गडद, काळपटाकडे झुकणारा लाल होतो. तिच्यात दोन जाती: लांब, सडपातळ ती कड्डी आणि आखूड, फुगीर ती डब्बी. तिखटपणा दोघींत बेताचा, म्हणून मूठभर जास्त घातली तरी रस्सा जिभेवर येत नाही, रंग मात्र भरतो. मिरचीच्या रंगासाठी व्यापारात आस्टा नावाचं वेगळं एकक आहे आणि त्या मोजणीत ब्याडगी फार वर असते. तिच्यापासून काढलेला रंगाचा अर्क खाद्यपदार्थांबरोबर सौंदर्यप्रसाधनांतही जातो. २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात 'काश्मिरी मिरची' म्हणून जी विकली जाते, तीही बरेचदा याच कर्नाटकी कुळातली असते. खऱ्या काश्मिरी मिरचीचं पीक मुळात इतकं थोडं, की सगळ्या देशाला पुरणं शक्यच नाही.

संकेश्वर हे बेळगाव जिल्ह्यातलं, कोल्हापूरच्या सीमेलगतचं गाव. तिथली जवारी मिरची लांब, बारीक, वाळल्यावर वाकडी होणारी. तिची खरी उलाढाल गडहिंग्लजच्या बाजारात चालते. अस्सल जवारी संकेश्वरीचा भाव संकरित मिरचीच्या कितीतरी पट असतो, तरी जाणकार गिऱ्हाईक ती घेतं. कारण तिखटाबरोबर तिला एक खमंग वास असतो आणि तो कांदा-लसूण चटणीत वर्षभर टिकतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे मसाल्याच्या पुडीलाच 'चटणी' म्हणतात. भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला आणि मिरची हे सगळं डंखावर कुटून घेतात. कांद्या-लसणीचा ओलसरपणा मिरचीत मुरतो आणि कोरड्या पुडीपेक्षा वेगळी, जरा दाट चव तयार होते. ही एक चटणी घरात असली की आमटी, उसळ, वांगं, अंडं, मटण, कशालाच दुसरा मसाला लागत नाही.

नंदुरबारला गेलात तर हिवाळ्यात गावाबाहेरची मोकळी रानं लाल झालेली दिसतात. शेतकरी तिथे ओली लाल मिरची बाजारात आणतात, व्यापारी ती घेऊन एकरच्या एकर पथाऱ्यांवर वाळत घालतात आणि शेकडो मजूर, त्यांत बायाच जास्त, देठं खुडत, निवड करत बसलेले असतात. तिथल्या हवेतच ठसका असतो. नव्या माणसाला तिथे पाच मिनिटं उभं राहणं जड जातं. दिवसभर त्या पथारीवर राबणाऱ्या हातांची आग आपण मसाल्याचा डबा उघडताना कधी आठवत नाही. आठवायला हवी.

ही आग नेमकी कसली? मिरचीत कॅप्सेसिन नावाचं रसायन असतं. ते मिरचीच्या आतल्या पांढऱ्या गरात, जिथे बिया चिकटलेल्या असतात तिथे तयार होतं. बिया तिखट असतात हा समज सगळीकडे आहे. खरं तर बियांना तिखटपणा लागतो तो त्या गराला टेकून बसल्यामुळे. म्हणूनच भरल्या मिरच्या किंवा ताकातल्या सांडग्या मिरच्या करताना पोट चिरून आतला गर खरवडून टाकला की त्या निवतात. ढोबळी मिरची हीदेखील त्याच जातीची, पण एका जनुकातल्या बिघाडामुळे तिच्यात कॅप्सेसिन तयारच होत नाही.

कॅप्सेसिन जिभेवरच्या चवीच्या कळ्यांना काहीच सांगत नाही. ते गाठतं उष्णतेच्या मज्जातंतूंना. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ते उघडतं आणि 'भाजलं' असा निरोप मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन नेमकं याच प्रथिनाला चिकटून ते उघडतं. तापमान वाढलेलं नसतं, तरी मेंदूला भाजल्याचा निरोप पोचतो आणि शरीर थंड व्हायच्या मागे लागतं: घाम फुटतो, चेहरा लाल होतो, नाक-डोळे वाहू लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे प्रथिन शोधलं. तो शोध मिरचीच्याच मदतीने लागला आणि त्यासाठी २०२१ सालच्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा वाटा होता. आयुर्वेदाने कटू हा सहा रसांपैकी एक मानला. आधुनिक शरीरशास्त्र त्याला चवीत न धरता वेदनेत धरतं. जेवताना मात्र आपण त्याला चव म्हणूनच जगतो आणि जेवणाच्या बाबतीत मला आयुर्वेदाची मांडणी जास्त पटते.

हीच प्रथिनं श्वासनलिकेच्या तंतूंवरही असतात. तव्यावर सुकी मिरची टाकली की कॅप्सेसिनचे सूक्ष्म कण धुराबरोबर उडतात आणि सगळ्या घराला ठसका लागतो. फोडणीत मिरची करपली की शेजारच्या घरातूनही खोकल्याचे आवाज येतात ते यामुळेच. आणि मिरची चिरलेल्या हातांनी डोळा चोळला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिथेही तेच तंतू आहेत.

कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेला-तुपात चटकन विरघळतं. आपल्या स्वयंपाकातल्या कितीतरी गोष्टींचं उत्तर या एका गुणात आहे. ठसका लागल्यावर पाणी प्यायलं तर आग सगळ्या तोंडभर पसरते, कमी होत नाही. दूध, दही, ताक यांतलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेतं, म्हणून ताकाचा घोट लगेच कामी येतो. ठेच्याबरोबर भाकरीवर तुपाची किंवा लोण्याची गोळी येते, झणझणीत कोंबडीबरोबर नारळाच्या दुधाची सोलकढी येते, तांबड्याशेजारी पांढरा येतो. ही सगळी एकाच अनुभवातून आलेली तोड आहे आणि ती रसायनशास्त्राच्या कित्येक पिढ्या आधी स्वयंपाकघरांनी शोधली.

रश्श्यावर तरंगणारी तर्री हेही याचंच रूप. मिरचीचा लाल रंग, म्हणजे कॅप्सॅन्थिन, आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात. रस्सा उकळला की तेल वर येतं आणि मिरचीचा सारा ऐवज आपल्याबरोबर वर घेऊन येतं. खाली राहतं ते तुलनेने सौम्य पाणी. मिसळीच्या दुकानात म्हणूनच रश्श्याचं भांडं आणि तर्रीचं, कोल्हापुरी बोलीत कटाचं, भांडं वेगळं असतं. वाढणारा पळी किती खोल घालतो यावर तुमची मिसळ ठरते. वरवरची पळी मारली तर जाळ, तळातून काढली तर मवाळ. नागपूरने हीच तर्री पोह्यांवर ओतली. सकाळी हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यात बुडालेले तर्री-पोहे खाल्ले की कोरड्या कांदेपोह्यांची सवय असलेल्या माणसाला पोह्यांची नव्याने ओळख होते. पाव, फरसाण, पोहे, भाकरी हे सगळे या तेलाला शोषून घेणारे आहेत. तिखट रश्श्याबरोबर यांतलं काहीतरी नेहमी असतंच.

नागपूरचं नाव आलं की सावजी आलंच. हलबा कोष्टी हा विणकरांचा समाज. मागावर दिवसभर राबणाऱ्या या लोकांच्या घरातलं मटण पुढे भोजनालयांत आलं आणि सावजी या नावाने प्रसिद्ध झालं. काळपट रस्सा, वर तेलाचा जाड थर, त्यात खड्या मसाल्याचा दाट सुवास. याच जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची तिच्या लाल रंगासाठी आणि जाड सालीसाठी नावाजलेली आणि तिलाही भौगोलिक मानांकन आहे. सावजी खाऊन 'फार तिखट' एवढंच म्हणणाऱ्याने मसाला नीट चाखला नाही असं मला वाटतं. तो रस्सा पहिल्या घासाला वास देतो, झोंबतो नंतर. हॉटेलातल्या कोल्हापुरीत नेमका हा क्रम उलटा असतो.

खानदेशात पुन्हा तऱ्हा निराळी. तिथला काळा मसाला खोबरं आणि कांदा पार काळं होईपर्यंत भाजून केलेला, शेवभाजीला रंग येतो तो त्यानेच. पण त्याच खानदेशाचं वांग्याचं भरीत बघा. त्यात लाल तिखट नावालाही नाही. मोठी हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून त्यात घालतात आणि पातीच्या कांद्याबरोबर कळण्याच्या भाकरीशी खातात. जळगावच्या या भरताच्या वांग्यालाही मानांकन मिळालेलं आहे. लाल तिखट घातलं तर वांग्याचा धुरकट वास मरतो. हिरव्या मिरचीचा ताजा, गवतासारखा वास त्याला उचलून धरतो. हिवाळ्यात शेतावर होणाऱ्या भरीत-पार्ट्यांत मिरची किती घ्यायची यावर वाद झडतात, लाल की हिरवी यावर मात्र कधीच नाही.

मराठवाड्यातला येसूर बाहेर फार कमी माहीत आहे. बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळून ठेवायची आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात कालवून आमटी करायची. लग्नकार्यात पंगती उठवणारी ही आमटी. धान्यामुळे मिरचीची धार बोथट होते आणि आमटीला अंग येतं. डाळी महाग झाल्या, भाज्या मिळेनाशा झाल्या तरी येसूर घरात असला की जेवण होतं. दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या मुलखाने केलेली ही तजवीज आहे. सोलापूरची शेंगाचटणी त्याच कोरड्या पट्ट्यातली. शेंगदाणे, लसूण, तिखट उखळात कुटत राहायचं, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये ती होत नाही. दाणे नुसते भुगा होतात, तेल आणि तिखट एकजीव व्हायला कुटण्याचा दाब लागतो.

पुण्याचा गोडा मसाला दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं यांचा. त्यात मिरची थोडीच, आणि आमटीत चिंच-गुळाच्या सोबतीने तिचं काम भागतं. तो मिळमिळीत म्हणून हिणवला जातो. ज्याने चांगल्या गोड्या मसाल्याची, पुरणाच्या कटाची आमटी खाल्ली आहे तो असं म्हणणार नाही.

कोकणपट्टीवर मिरचीला एक जुना सोबती आहे, त्रिफळ. बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळाची चार फळं ठेचून पडतात. ते झोंबत नाही, जिभेला मुंग्या आणतं, जरा बधिर करतं. चिनी स्वयंपाकातल्या सिचुआन मिरीचं ते सख्खं भावंड. बधिरपणा आणि झोंबणं एकत्र आलं की तेलकट मासाही हलका लागतो. पुढे गोव्यात उतरलं की मिरचीला व्हिनेगर भेटतं. रेशादचा मसाला म्हणजे मिरची, लसूण, मिरे आणि व्हिनेगर एकत्र वाटून माशाच्या पोटात भरायचा. तिथल्या मिरच्याही वेगळ्या. काणकोण तालुक्यातल्या खोला गावाच्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर होणारी खोला मिरची २०१९ साली मानांकनात आली. पेडण्याकडची हरमल मिरची हीदेखील मानाची. पावसाळ्याआधी मडगावला भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात या मिरच्यांच्या माळा विकायला येतात आणि घरं वर्षाची बेगमी करतात.

गोव्याचं नाव घेतलं की मिरची आली कुठून तेही सांगायला हवं. ती मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत माणसाने हजारो वर्षांपूर्वी तिला शेतात आणलं. कोलंबसाच्या फेऱ्यांनंतर ती युरोपात पोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा, पिंपळीचा, आल्याचा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात स्वयंपाकाचं सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरे आहेत, आलं आहे, हिंग आहे, मिरची नाही.

इथे एक मराठी कोडं उभं राहतं. सावता माळी यांच्या नावावर असलेल्या, कांद्या-मुळ्यात विठाई पाहणाऱ्या अतिशय लोकप्रिय अभंगात लसूण-कोथिंबिरीच्या जोडीला मिरचीही येते. सावतोबांनी देह ठेवला तो १२९५ साली, म्हणजे मिरची भारतात येण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी. मग ती अभंगात कशी? मला यात घोटाळ्यापेक्षा लोकपरंपरेचं जिवंतपण दिसतं. अभंग कागदावर कमी, कंठात जास्त राहिले. नंतरच्या गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यात जे उगवत होतं ते सहज त्यात पेरलं असणार. परदेशातून आलेल्या एका फळाला पंढरीच्या विठ्ठलाच्या ओळीत जागा मिळाली, याहून मोठा स्वीकार कोणता? उपासाचंच बघा. हळद आणि मोहरी अनेक घरांत उपासाला चालत नाही, हिरवी मिरची चालते. बटाटा, साबुदाणा, शेंगदाणा यांच्याबरोबर तीही अमेरिकेतून आलेली, तरी तिला कुणी पाहुणी मानत नाही.

इतक्या झपाट्याने ती रुजली याचं कारण साधं आहे. मिऱ्याच्या वेलीला मलबारचा पाऊस आणि झाडाचा आधार लागतो, शिवाय मिरे विकत घ्यावे लागत. मिरची बांधावर, परसात, डब्यातसुद्धा येते. चार बिया शेजारणीने दिल्या की पुढच्या वर्षी तुमच्याही दारात झाड. कोरडवाहू मुलखात ज्वारी-बाजरीच्या भाकरीला जोड हवी असे. दोन हिरव्या मिरच्या, लसणीच्या पाकळ्या आणि मिठाचा खडा तव्यावर परतून रगडला की खरडा झाला आणि कोरडी भाकरी घशाखाली उतरायला लागली. तिखटाने तोंडाला पाणी सुटतं आणि हे कोरड्या अन्नासाठी फार मोलाचं. ताज्या मिरचीत क जीवनसत्त्वही भरपूर. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी ते मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं ते तिथल्या मिरच्यांतूनच. १९३७ सालचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा होता. भाजीपाल्याची चैन नसलेल्या घरात ठेचा हे पोषणही होतं.

मिरचीने हा जाळ मुळात धरला तो कुणासाठी? पिंजऱ्यातला राघू हिरवी मिरची मजेत खातो हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही-१ची घडण वेगळी, त्यावर कॅप्सेसिनचा परिणाम जवळजवळ होत नाही. उंदरासारखे प्राणी दाढांनी बिया चावून टाकतात, पक्षी त्या गिळतात आणि दूरवर नेऊन शाबूत टाकतात. टुक्सबरी आणि नॅभन या शास्त्रज्ञांनी २००१ साली रानमिरचीवर हे दाखवलं. पुढे बोलिव्हियातल्या रानमिरच्यांवर अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की कीटकांच्या छिद्रांतून शिरणाऱ्या बुरशीचा धोका जिथे जास्त तिथे मिरच्या जास्त तिखट. मिरचीने आपल्या बिया वाचवण्यासाठी जे हत्यार उपसलं, माणसाने तेच आवडीने ताटात वाढून घेतलं. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोत लहान मुलांना तिखटाची गोडी कशी लागते ते पाहिलं. ती जन्मजात नसते. घरातली मोठी माणसं खाताना दिसतात, थोडं थोडं आपल्याही ताटात येतं, आणि धोका नसलेल्या आगीत मजा वाटू लागते. आपल्याकडे आजी नातवाच्या भातावर आमटीचं वरवरचं पाणी वाढते, पुढच्या वर्षी पळी जरा खाली जाते. शिक्षण तेच.

या मजेची गेल्या काही वर्षांत शर्यत झाली आहे. तिखटपणा मोजण्याची पद्धत १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि झोंबणं कधी थांबतं ते चाखणाऱ्यांनी सांगायचं. आता यंत्र मोजतं, एकक मात्र त्यांच्याच नावाचं. आपल्या ईशान्य भारतातली भूत जोलोकिया दहा लाख स्कोव्हिलच्या पुढे गेली आणि २००७ साली गिनेस बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली. २०१३ साली अमेरिकेतली कॅरोलिना रीपर, २०२३ साली सुमारे २६ लाख ९३ हजारांची पेपर एक्स. नागालँड-आसामात जोलोकियाचा एखादा तुकडा बांबूच्या कोंबाच्या किंवा धुरावल्या डुकराच्या मांसाच्या पातेल्यात पडतो, तिच्या फळासारख्या वासासाठी. ती अख्खी चावून व्हिडिओ काढण्याची कल्पना तिथल्या आजीला सुचली नसती. आकडा वाढवण्यासाठी पैदा केलेल्या मिरच्यांत मला रस नाही. ज्या मिरचीशी कुठला पदार्थ, कुठलं पीठ, कुठली आंबट गोष्ट जोडलेली नाही, तिला चव कशी येणार?

काळजी वाटते ती उलट्या बाजूची. संकरित वाण एकरी जास्त उतारा देतात, एकसारखी फळं देतात आणि व्यापाऱ्याला तेच हवं असतं. जवारी मिरची कमी पिकते. चुरडा-मुरडा रोग पडला की शेत बसतं, तोडणीची मजुरी परवडत नाही. भिवापूरच्या मिरचीचं क्षेत्र आटत गेलं ते असंच. मानांकनाचा कागद मिळाला म्हणून पीक टिकत नाही, ते टिकतं गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं तेव्हा. शहरात आपण तयार तिखटाची पिशवी उचलतो. तिच्यावर कंपनीचं नाव ठळक असतं, मिरचीचं नसतंच. पुडीत भेसळही सहज खपते. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या तिखटात सुदान-१ हा अखाद्य रंग सापडला तेव्हा तिकडे मोठी खळबळ उडाली होती.

म्हणून एक विनंती आहे. यंदा मसाल्याची वेळ येईल तेव्हा अख्खी मिरची विकत घ्या, हातात घेऊन बघा, फटकी, पांढरी पडलेली बाजूला काढा. ती कुठल्या गावची, जवारी की संकरित, हे दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर पुढच्या खेपेला तो माहिती काढून ठेवेल, कारण गिऱ्हाईक विचारतंय हे त्याला कळेल. उन्हात कडकडीत वाळवा, देठं खुडा, जवळ डंख असेल तर तिथे समोर उभं राहून कुटून घ्या. बरणीत हिंगाचा खडा टाका आणि बरणी उजेडापासून दूर ठेवा, नाहीतर रंग उडतो. आईकडे, सासूकडे, मावशीकडे मिरच्यांचं जे प्रमाण असेल ते आजच वहीत उतरवून घ्या, गावांच्या नावांसकट. आणि संकेश्वरी, भिवापुरी, खोला, यांतली कुठलीही अस्सल मिरची बाजारात दिसली तर भाव जास्त असला तरी किलोभर तरी घ्याच. पुढच्या हंगामात शेतकऱ्याने ती लावायची की नाही, हे त्या किलोवरच ठरतं.